नेब्रास्का फुटबॉल: अजून किती धीर धरायचा?

प्लॅटकाठ

२०२५ च्या थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी आयोवाने लिंकनमध्ये येऊन आपल्या नेब्रास्काला ४०-१६ असं लोळवलं. तेव्हापासून आमच्या ओमाहातल्या ओळखीच्या घरांत जेवताना एकच विषय असतो: आपला कोच मॅट रूल याला अजून वेळ द्यायचा का? त्याची तीन वर्षं अशी गेली (आधीचा आकडा विजयांचा, नंतरचा पराभवांचा). २०२३ मध्ये ५-७, २०२४ मध्ये ७-६, २०२५ मध्ये पुन्हा ७-६. त्यात विद्यापीठाने ऑक्टोबरमध्येच त्याचा करार २०३२ पर्यंत वाढवून टाकला, त्यामुळे चिडलेली मंडळी आणखी चिडली. माझ्या मते वेळ द्यायलाच हवा. गेल्या वीसेक वर्षांत आपण काय करून बसलोय ते पाहिलं की दुसरं काही म्हणवत नाही.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. इथे विद्यापीठांचे अमेरिकन फुटबॉलचे सामने दर शनिवारी होतात, नियमित हंगाम बारा सामन्यांचा. हंगाम बरा गेला (साधारण सहा विजय) तर शेवटी एक 'बोल' सामना मिळतो. नेब्रास्कात एनएफएलचा संघ नाही, त्यामुळे विद्यापीठाचा संघ हाच अख्ख्या राज्याचा संघ. लिंकनच्या मेमोरियल स्टेडियमची तिकिटं नोव्हेंबर १९६२ पासून प्रत्येक सामन्याला संपली आहेत. सामन्याच्या दिवशी तिथे जमणारी गर्दी ओमाहा आणि लिंकन सोडलं तर राज्यातल्या कुठल्याही गावाच्या लोकसंख्येपेक्षा मोठी असते. मी इथे शिकायला आले तेव्हा मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पहिल्याच शनिवारी लाल कपड्यांतले आजी-आजोबा तीन-तीनशे मैल गाडी चालवून आलेले पाहिले आणि हा नुसता खेळ नाही एवढं समजलं.

बॉब डेव्हेनी या कोचने १९७० आणि १९७१ ची राष्ट्रीय विजेतेपदं आणली. त्याच्यानंतर टॉम ऑस्बोर्न. आज त्याचा पुतळा आहे, पण सुरुवातीची पाच वर्षं तो ओक्लाहोमाकडून ओळीने हरला. त्याचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद १९९४ चं, म्हणजे बाविसाव्या हंगामात! मधल्या काळात "मोठे सामने याच्याने जिंकवत नाहीत" हे त्याने किती ऐकलं असेल. आज असा कोच बाविसाव्या हंगामापर्यंत टिकलाच नसता. १९९४, १९९५, १९९७ अशी तीन विजेतेपदं घेऊन तो निवृत्त झाला.

गाडी रुळावरून कधी घसरली त्याचा महिनाही सांगता येतो: नोव्हेंबर २००३. ऑस्बोर्ननंतर आलेल्या फ्रँक सॉलिचने त्या वर्षी ९-३ अशी कामगिरी केली होती आणि तरी त्याला काढलं. कारण काय, तर संघ सुमार होत चाललाय. पुढच्याच वर्षी बिल कॅलाहनच्या हाताखाली ५-६. जिंकलेल्यांपेक्षा हरलेले सामने जास्त, असं १९६१ नंतर पहिल्यांदाच घडलं आणि ३५ वर्षं सलग मिळत आलेला बोल सामनाही हुकला. कॅलाहन चार वर्षांत गेला. मग बो पेलिनी. सात वर्षं, दरवर्षी किमान नऊ विजय, आणि दरवर्षी चार पराभव म्हणून लोक वैतागलेले. त्यालाही ९-३ वर घरी पाठवलं. मग माइक रायली तीन वर्षं, १९-१९. मग स्कॉट फ्रॉस्ट.

आता कोच बदलला की नेमकं काय मोडतं ते सांगते, कारण टीव्हीवर हे कुणी दाखवत नाही. चेंडू ज्याच्या हातात असतो त्याच्याकडे सगळे बघतात. सामना मात्र ठरतो त्याच्या पुढच्या पाच धिप्पाड मुलांवर, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइनवर. ही मुलं अठराव्या वर्षी येतात तेव्हा शाळेत सगळ्यांत दांडगी असतात, पण इथे समोर बावीस वर्षांचा पुरुष उभा असतो. दोन-तीन वर्षं व्यायामशाळेत गेल्याशिवाय त्यांच्या पाठीत आणि मांड्यांत ती ताकद येत नाही. आणि नुसती ताकद पुरत नाही. डावीकडच्याने अर्धं पाऊल टाकलं की उजवीकडच्याला न बघता ते कळायला लागतं. सॉलिचच्या संघात या मुलांचं काम होतं पुढे झेपावून समोरच्याला ढकलणं, कारण खेळ धावण्याचा होता. कॅलाहनने पासिंगचा खेळ आणला. त्यात तीच मुलं मागे सरकत, हात पुढे ठेवून क्वार्टरबॅकला (पास फेकणाऱ्याला) वाचवायला उभी. शरीर वेगळं लागतं, सवय वेगळी लागते. एका पद्धतीसाठी निवडलेली आणि तीन वर्षं घडवलेली मुलं दुसऱ्या पद्धतीत कुचकामी ठरली. पेलिनी, रायली, फ्रॉस्ट, प्रत्येक वेळी हेच कमीजास्त प्रमाणात पुन्हा झालं. आपण दर चार वर्षांनी पाया खणतोय आणि वर घर का दिसत नाही म्हणून चिडतोय.

रूलची पद्धत माहीत नसलेली नाही. आधी तो टेम्पल विद्यापीठात होता, तिथे पहिलं वर्ष २-१०, मग ६-६, मग १०-४. बेलरला तो गेला तेव्हा आधीच्या कारकिर्दीतल्या लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणांनी ते विद्यापीठच हादरलेलं होतं. तिथे १-११, ७-६, ११-३. माणूस पाडून बांधणारा नाही, खालून बांधणारा आहे. तुम्हाला काय वाटतं ते लिहा, विरोधातलंही लिहा.

आकडेमोड

चांगलं मांडलंय, पण मला पटलेलं नाही. तुम्ही दिलेल्याच आकड्यांवरून बोलतो. टेम्पल: तिसऱ्या वर्षी दहा विजय. बेलर: तिसऱ्या वर्षी अकरा. नेब्रास्का: तिसऱ्या वर्षी सात, म्हणजे दुसऱ्या वर्षाएवढेच. पद्धत तीच असेल तर तिसऱ्या वर्षीची उडी कुठे गेली?

दुसरं. १७ सप्टेंबर २०१६ ला आपण ओरेगॉनला ३५-३२ हरवलं, त्यानंतर आजतागायत क्रमवारीतल्या (देशातल्या पहिल्या पंचवीसांतल्या) एकाही संघाला हरवलेलं नाही. तीन कोच झाले. २०२३ मध्ये संघ ५-३ वर होता आणि शेवटचे चारही सामने हरला. २०२४ मध्ये ५-१ वरून ओळीने चार हरला. नोव्हेंबर आला की संघ ढेपाळतो, याला मी पाया खणणं म्हणणार नाही.

आणि तिसरं, सर्वांत महत्त्वाचं. तुम्ही सांगताय तो हिशेब मुलं चार-पाच वर्षं एकाच ठिकाणी राहायची तेव्हाचा आहे. २०२१ मध्ये पहिल्यांदा विद्यापीठ बदलणाऱ्याला वर्षभर बाहेर बसायची अट गेली, आणि त्याच वर्षी मुलांना स्वतःच्या नावावर पैसे मिळवायची मुभाही मिळाली. आता ट्रान्सफर पोर्टलमधून (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) तयार खेळाडू मिळतात. इंडियाना विद्यापीठ बघा. २०२३ ला ३-९. कर्ट सिग्नेटी आला, २०२४ ला ११-२, २०२५ ला १६-० आणि राष्ट्रीय विजेतेपद. दोन वर्षं! अमेरिकेतल्या सर्वाधिक हरलेल्या संघांत ज्याची गणना व्हायची त्याने दोन वर्षांत हे केलं. मग आपणच का थांबायचं?

मॅनहॅटनकर

न्यूयॉर्कचं नव्हे, कॅन्सासचं मॅनहॅटन. राहुरीहून इथे शिकायला आलो आणि इथलाच झालो. प्लॅटकाठ, तुमच्या धाग्यावर बिल स्नायडरचं नाव आलं नाही तर विषय अपुरा राहील, म्हणून जरा लांबण लावतो.

१९८८ च्या अखेरीस आमच्या कॅन्सास स्टेट विद्यापीठाने स्नायडरला कोच नेमलं तेव्हा आधीच्या २७ सामन्यांत संघाचा एकही विजय नव्हता, एक बरोबरी तेवढी होती. १९८९ मध्ये एका मोठ्या क्रीडा साप्ताहिकाने देशातला सर्वांत वाईट संघ म्हणून आमच्यावर लेख छापला. पाचशे पराभव गाठणारं वरच्या श्रेणीतलं पहिलं विद्यापीठ आमचंच. फुटबॉल बंदच करावं का अशी चर्चा इथल्या लोकांनी ऐकलेली आहे.

तोही आल्या आल्या पहिले तीन सामने हरला. ३० सप्टेंबर १९८९ ला नॉर्थ टेक्ससविरुद्ध घड्याळ संपता संपता टचडाउन झाला आणि २०-१७ असा विजय मिळाला. त्या हंगामातला तो एकमेव विजय. १-१०! आजच्या नियमाने बघितलं तर याला काय म्हणाल? पुढे ५-६, ७-४, मग पुन्हा ५-६. चार वर्षं झाली आणि संघ अजून अर्ध्यावर. पाचव्या वर्षी ९-२-१ (एक बरोबरी) आणि बोल सामन्यातला विजय. १९९८ ला आम्ही ११-० होतो, देशात पहिल्या क्रमांकावर पोचलो होतो आणि त्याच वर्षी तुमच्या नेब्रास्काला ४०-३० हरवलं, ते १९६८ नंतर पहिल्यांदा. माझ्या प्रयोगशाळेतले वयस्क सहकारी त्या दिवसाबद्दल आजही आवाज चढवून बोलतात.

त्याने काय केलं असं विचाराल तर मोठं असं काहीच नाही. सोळा ध्येयांची एक यादी होती, त्यात विजेतेपद वगैरे नव्हतं. रोज थोडं सुधारणं, चुकांतून न खचणं, स्वतःकडून अपेक्षा ठेवणं असल्या गोष्टी. दिवसातून एकदा जेवायचा, तेही रात्री उशिरा, कारण बाकी वेळ सामन्यांच्या फिल्म बघण्यात जायचा. आणि जांभळ्या शाईने हाताने पत्रं लिहायचा. स्वतःच्या खेळाडूंना तर लिहायचाच, पण समोरच्या संघातला एखादा मुलगा जखमी झाला किंवा चांगला खेळला तर त्यालाही. ती पत्रं लोकांनी जपून ठेवली आहेत.

पण त्याच्याइतकंच श्रेय त्याला पाच वर्षं हात न लावणाऱ्यांना द्यायला हवं, कारण चौथ्या वर्षी ५-६ झाल्यावर त्याला काढणं सर्वांत सोपं होतं.

लॉरेन्सवाला

मॅनहॅटनकरांच्या शेजारच्या आणि त्यांच्या कट्टर विरोधी विद्यापीठातून, म्हणजे कॅन्सास विद्यापीठातून, हजेरी. धीर सुटल्यावर काय होतं याचा सगळ्यात वाईट नमुना आम्ही आहोत.

मार्क मँजिनोने २००७ ला आम्हाला १२-१ आणि ऑरेंज बोल दिला. नेब्रास्कावाल्यांना आठवत असेल, त्याच वर्षी आम्ही तुम्हाला ७६-३९ हरवलं होतं. दोन वर्षांत मँजिनो गेला. त्याच्या वागणुकीबद्दल खेळाडूंच्या तक्रारी होत्या, त्यामुळे ते जाणं वेगळं, त्यावर मी वाद घालणार नाही. त्यानंतरचं बघा. टर्नर गिलला दोनच वर्षं दिली, ५-१९. चार्ली वाइस आला, त्याने ज्युनिअर कॉलेजांतून (म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या कॉलेजांतून) तयार मुलं भरली म्हणजे लवकर निकाल लागेल म्हणून. ती मुलं दोन वर्षांत निघून गेली आणि मागे रिकाम्या जागा राहिल्या. शिष्यवृत्त्या तेव्हा ८५ असायच्या, आमच्याकडे तेवढे खेळाडूच उरले नव्हते. त्याच्यानंतरच्या डेव्हिड बीटीचे ६-४२. मग लेस माइल्स, ३-१८. पी हळद नि हो गोरी असा तो कारभार होता आणि त्याची किंमत दहा वर्षं मोजली.

२०२१ ला लान्स लायपोल्ड आला. पहिल्या वर्षी २-१०. पण त्या दोनांतला एक विजय ऑस्टिनमध्ये जाऊन टेक्ससवर, ५७-५६, जादा वेळेत. निर्णायक दोन गुणांचा पास झेलला जॅरेड केसीने. प्लेनव्हिल नावाच्या छोट्या गावचा मुलगा, शिष्यवृत्ती नसलेला, तोवर कुणाला नावही ठाऊक नसलेला. २०२३ ला आम्ही ९-४ झालो, ओक्लाहोमाला हरवलं. २०२४ आणि २०२५ दोन्ही वर्षं ५-७. लोक पुन्हा कुजबुजायला लागलेत. मी त्यांना फक्त २०१० ते २०२० ची यादी वाचून दाखवतो.

चांदणवेल

ब्लूमिंग्टनमध्ये, म्हणजे इंडियाना विद्यापीठाच्या गावात राहते, त्यामुळे इंडियानाचा विषय निघाल्यावर लिहिणं भाग आहे. १९ ऑक्टोबर २०२४ ला आम्ही नेब्रास्काला ५६-७ हरवलं तेव्हा मी स्टेडियममध्ये होते. पूर्वी इथे लोक मध्यंतरात बाहेर पडले की परत आत यायचेच नाहीत, बाहेर पार्किंगमध्ये खात-पीत बसायचे. त्या दिवशी कुणी हललं नाही. १९ जानेवारी २०२६ ला मायामीला २७-२१ हरवून विजेतेपद मिळालं तेव्हा अख्खं गाव रस्त्यावर होतं आणि माझ्यासारख्या, पूर्वी फक्त बास्केटबॉलसाठी ओरडणाऱ्या बाईलाही रडू आलं.

पण आकडेमोड, तुम्ही 'दोन वर्षं' म्हणता ते मला मान्य नाही. सिग्नेटी इथे आला तेव्हा ६२ वर्षांचा होता. अलाबामात निक सेबन या नामांकित कोचच्या हाताखालची नोकरी सोडून २०११ मध्ये तो पेनसिल्व्हेनियातल्या एका दुसऱ्या श्रेणीच्या विद्यापीठात हेड कोच झाला. तिथून ईलॉन, तिथून जेम्स मॅडिसन. एकाही वर्षी त्याचे पराभव विजयांपेक्षा जास्त नव्हते. येताना त्याने जेम्स मॅडिसनमधून तेराएक खेळाडू आणले: एडन फिशर, डीअँजेलो पाँड्स, इलायजा सॅरॅट. या मुलांना त्याची भाषा, त्याचा सराव, त्याच्या अपेक्षा आधीच तोंडपाठ होत्या. प्लॅटकाठ म्हणतात ती घडण त्यांची आधीच सुरू झाली होती, फक्त व्हर्जिनियात. आम्हाला ती मुलं तयार मिळाली.

याचा अर्थ असाही होतो की कोच निवडतानाच डोळे उघडे ठेवले तर वेळ वाचतो. म्हणजे तुमचा अर्धा मुद्दा मला मान्यच आहे.

नाना_पेठ

पुण्यातून वाचतोय. नेटफ्लिक्सच्या कृपेने या खेळाची थोडी गोडी लागली. एक प्रश्न खटकतो. कोचला काढायचं तर करारातले उरलेले पैसे द्यावे लागतात असं वाचलं. ही सरकारी विद्यापीठं ना? एवढे पैसे कुठून येतात? आणि पोरांच्या शिक्षणाचं काय?

आकडेमोड

नाना, पैसा प्रामुख्याने टीव्हीच्या करारांतून, तिकिटांतून आणि श्रीमंत माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून येतो. टेक्सस ए अँड एमने २०२३ मध्ये जिंबो फिशरला काढलं तेव्हा साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागत होतं. २०२५ च्या ऑक्टोबरात पेन स्टेटने जेम्स फ्रँकलिनला काढलं. त्याच वर्षीच्या जानेवारीत तो संघ राष्ट्रीय उपांत्य फेरी खेळला होता. लुइझियाना स्टेटने (एलएसयू) ब्रायन केलीला काढलं. बहुतेक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर हा फुटबॉलचा नाहीतर बास्केटबॉलचा कोच असतो.

नेब्रास्काने तर फ्रॉस्टला ११ सप्टेंबर २०२२ ला काढलं. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर देणं दीड कोटीवरून पाऊण कोटी डॉलरवर आलं असतं. तरी मी म्हणेन ते बरोबर केलं. २०२१ मध्ये नऊ पराभव, नऊच्या नऊ एक आकडी फरकाने. २०२२ ला डब्लिनमध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्ध ११ गुणांनी पुढे असताना ऑनसाइड किक (चेंडू पुन्हा आपल्यालाच मिळावा म्हणून मारायची आखूड किक) मारून चेंडू समोरच्यांना आंदण दिला आणि सामना घालवला. फ्रॉस्ट आपल्याच मातीतला, १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणून आपण चार वर्षं थांबलो. प्लॅटकाठ, तो धीर फुकट गेला हे तुम्ही मूळ लेखात लिहायला हवं होतं.

दुपारचा_चहा

नॅशव्हिल. इथल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाबद्दल दोन शब्द, कारण इथली गोष्ट मला इंडियानापेक्षा जास्त शिकवणारी वाटते.

क्लार्क ली हा इथलाच माजी खेळाडू. पहिली तीन वर्षं २-१०, ५-७, २-१०. एकूण ९-२७, आणि तिसऱ्या वर्षी एसईसी या आमच्या तगड्या लीगमधल्या आठही सामन्यांत पराभव. एसईसीमध्ये एवढ्यावर कुणालाही हाकलतात. इथे ठेवला. पण ठेवला म्हणजे जसं चाललंय तसं चालू दे असं नाही. न्यू मेक्सिको स्टेटमधून आक्रमणाचा अख्खा संच आणला: टिम बेक, सल्लागार म्हणून जेरी किल, आणि क्वार्टरबॅक डिएगो पाविया, ज्याला शाळेतून मोठ्या विद्यापीठांनी विचारलंही नव्हतं. ५ ऑक्टोबर २०२४ ला पहिल्या क्रमांकाच्या अलाबामाला ४०-३५ हरवलं. लोकांनी गोलपोस्ट उपटून ब्रॉडवेवरून मिरवत नेला आणि कंबरलँड नदीत टाकला. मी माझ्या मुलीला खांद्यावर घेऊन फुटपाथवर उभा होतो, पोलीससुद्धा हसत होते. २०२५ ला दहा विजय, विद्यापीठाच्या इतिहासात पहिल्यांदा.

माणूस ठेवला आणि त्याच्या हाताखालचं बरंचसं बदललं. नेब्रास्कात हे होतंय का?

सदाफुली

मी लिंकनपासून पश्चिमेला बरंच आत राहते, मक्याच्या शेतांच्या मधोमध. नवऱ्याची नोकरी इथल्या दवाखान्यात. कोच, पैसे, करार यांवर सगळे बोललात, मुलांबद्दल थोडं बोलते.

आमच्या शाळेत आठ मुलांचा फुटबॉल चालतो, कारण अकरा मुलं जमत नाहीत. असल्या गावांतली मुलं शिष्यवृत्ती नसताना, आईवडिलांच्या पैशांनी लिंकनला जायची आणि संघात शेवटच्या रांगेत उभी राहायची. त्यांना वॉक-ऑन म्हणतात. ऑस्बोर्नच्या काळात नेब्रास्काची खरी ताकद तीच होती. तीन वर्षं नुसता सरावात मार खायचा, वजन उचलायचं (विद्यापीठांत पगारी व्यायाम-प्रशिक्षक नेमण्याची प्रथा बॉइड एप्लीपासून नेब्रास्कातच सुरू झाली) आणि चौथ्या वर्षी तो पोरगा लाइनमध्ये उभा दिसायचा. अख्खं गाव बसने सामन्याला जायचं.

जून २०२५ मध्ये न्यायालयाने खेळाडूंना विद्यापीठाच्या उत्पन्नातला वाटा देणारा तोडगा मंजूर केला. मुलांना पैसे मिळायलाच हवेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यासोबत संघाला १०५ खेळाडूंची मर्यादा आली. नेब्रास्काचा संघ दीडशेच्या घरात असायचा. उरलेली मुलं कोण? आमचीच. माझ्या मुलाच्या वर्गातला एक जण उन्हाळ्यात गवताचे गठ्ठे उचलून शरीर कमावतोय आणि त्याचे वडील मला विचारतात की आता थांबून पाहायला जागा तरी आहे का. हा प्रश्न रूलच्या नोकरीपेक्षा मला मोठा वाटतो.

मॅनहॅटनकर

सदाफुली, अगदी काळजाला भिडलं. स्नायडरचे कितीतरी चांगले खेळाडू असेच छोट्या गावांतले वॉक-ऑन होते. १०५ च्या मर्यादेत प्रत्येक कोचला आज उपयोगी पडेल असाच मुलगा हवा असणार, तीन वर्षांनी उपयोगी पडेल तो नको. हे फार वाईट होतंय.

लॉरेन्सवाला

+१. केसीसारखा मुलगा यापुढे कुठल्या संघात शिरेल मला कळत नाही.

प्लॅटकाठ

सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, खूप बरं वाटलं. एकेकाला उत्तर देते.

आकडेमोड, फ्रॉस्टच्या वेळचं तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि मला त्यातूनच पुढचं सांगायचंय. फ्रॉस्टच्या चार वर्षांत त्याच चुका तशाच होत राहिल्या: पंट (समोरच्यांनी लांब मारलेला चेंडू) परतवताना गोंधळ, किकमध्ये गोंधळ, शेवटच्या पाच मिनिटांत हातातला सामना सोडणं. दुसऱ्या वर्षीची चूक चौथ्या वर्षीही दिसत असेल तर थांबण्यात अर्थ नाही. मी धीर म्हणते तो वर्षं मोजण्याचा नाही, चुका बदलताहेत का ते बघण्याचा आहे. रूलच्या पहिल्या वर्षी चेंडू सांभाळता येत नव्हता, शेवटच्या चारांपैकी तीन सामने तीन-तीन गुणांनी गेले. २०२४ ला तेच थोडं सुधारलं, आठ वर्षांनी बोल सामना मिळाला आणि यांकी स्टेडियममध्ये बॉस्टन कॉलेजला २०-१५ हरवलंही. २०२५ ला मिशिगनशी तीन गुणांनी आणि यूएससीशी चार गुणांनी हरलो, पण पेन स्टेट आणि आयोवाने आपल्याला पार चिरडलं. तिथे लाइनच मोडली. तेव्हा घोडं कुठे अडलंय ते दिसतंय, आणि ते लाइनपाशीच अडलंय.

दुपारचा_चहा, तुमचा प्रश्न नेमका आहे. होय, काही बदललंय. २०२४ च्या नोव्हेंबरातच आक्रमणाची सूत्रं डेना होल्गरसनकडे दिली. बचावाचा प्रमुख टोनी व्हाइट त्या हंगामानंतर फ्लोरिडा स्टेटला गेला, ती जागा पुन्हा भरावी लागली. पण लाइनच्या बाबतीत अजून व्हँडरबिल्टइतकं धाडस दिसलेलं नाही, हे मान्य करावंच लागेल.

क्वार्टरबॅक डिलन रायोला यूएससीविरुद्ध पाय मोडून बाहेर गेला आणि हंगामानंतर विद्यापीठच सोडून गेला, त्याचं वाईट वाटलं. पण मला सांगायचंय एमेट जॉन्सनबद्दल. मिनेसोटाचा मुलगा, २०२२ मध्ये फ्रॉस्टने आणलेला. फार गाजावाजा होऊन आलेला नव्हता. पहिलं वर्ष बाहेर बसला. त्याला आणणारा कोच तीन सामन्यांत गेला. पोर्टलचं दार उघडंच होतं, तो गेला नाही. २०२३ ला थोडा खेळला, २०२४ ला जरा जास्त, आणि २०२५ ला चौदाशेहून जास्त यार्ड धावून बिग टेन या आपल्या लीगमधला सर्वोत्तम रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) ठरला. त्याची धाव नीट बघा: तो चेंडू घेतल्यावर क्षणभर थबकतो, समोरच्या दोन मुलांमध्ये फट पडते का ते बघतो आणि मग घुसतो. सुरुवातीला तो थबकत नव्हता, सरळ माणसांच्या ढिगात शिरायचा. हे कुठल्याही पोर्टलमधून विकत मिळत नाही, म्हणून चांदणवेलचं म्हणणं मला पटतं: इंडियानानेही ते विकत घेतलं नाही, दुसरीकडे घडलेलं आणलं.

सदाफुली, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. त्या मुलाच्या वडिलांना एवढं सांगा की १०५ जणांतही शिष्यवृत्ती नसलेल्या मुलांना जागा द्यायची की नाही हे कोचच्या हातात असतं. रूल स्वतः पेन स्टेटमध्ये वॉक-ऑन होता.

आता माझी मर्यादा सांगते, म्हणजे उगाच अंधविश्वास वाटायला नको. २०२६ मध्ये लाइनमध्ये इथेच तीन-चार वर्षं वाढलेली किमान तीन मुलं दिसायला हवीत. आणि नोव्हेंबरात आयोवा, पेन स्टेटसारख्यांसमोर ती मागे ढकलली जाता कामा नयेत. हरलो तरी चालेल. पुन्हा ४०-१६ झालं तर मीही तुमच्या बाजूला येईन.

आकडेमोड

हे वाजवी आहे. माझी अट मात्र वेगळी. हरलो तरी चालेल असं मी म्हणणार नाही. २०२६ मध्ये क्रमवारीतला एक संघ हरवायचा, कुठलाही, कुठेही. तो एक सामना जिंकला तर २०३२ च्या करारावर मी पुन्हा बोलणार नाही.

नाना_पेठ

तुमच्या आयोवाच्या सामन्याची वेळ भारतात कुणी सांगेल का? पहाट झाली तरी जागीन.

प्लॅटकाठ

नाना, तो शुक्रवारी असतो. २०२५ मध्ये इथे सकाळी होता, म्हणजे तुमच्याकडे रात्रीचं जेवण उरकून बसता येईल. वेळापत्रक जाहीर झालं की याच धाग्यावर टाकते.